अठराव्या वर्षी पलटलेला डाव

मारुंजीतल्या एखाद्या टॉवरचा नववा मजला. रात्रीचा दीड. हिंजवडीहून आलेली कॅब खाली कुणाला तरी सोडून निघून जाते, रूममेट कानात इअरफोन घालून केव्हाच झोपलाय, उद्या सकाळी नऊला मीटिंग आहे, आणि तुम्ही लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलायत. पडद्यावर पश्चिम रोमन साम्राज्य चहूबाजूंनी पेटलंय.

ज्यांना हे दुखणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘रोम: टोटल वॉर’ हा २००४चा गेम. जुना झाला, पण अजून सुटत नाही. मूळ गेममध्ये तुमच्याकडे एक छोटं घराणं आणि दोन-तीन शहरं असतात. हळूहळू वाढत जायचं, मजा असते. मग २००५ साली त्याचं ‘बार्बेरियन इन्व्हेजन’ नावाचं एक्स्पान्शन आलं आणि सगळं उलटं झालं. साल ३६३. तुम्ही पश्चिम रोम घेता तेव्हा निम्मा युरोप आधीच तुमचा असतो. पण खजिन्यात पैसा नाही, सैन्याचा पगार उत्पन्नापेक्षा जास्त, शहरांत धर्मावरून भांडणं, सरदारांची निष्ठा संशयास्पद. चार-पाच टर्नमध्ये बंड सुरू होतं आणि बंडखोर तुमच्याच पलटणी घेऊन तुमच्यावर येतात. वर पूर्वेकडून टोळ्या. एखाद्या टोळीचं शेवटचं शहर घेतलंत म्हणून खूश व्हावं, तर ती अख्खी टोळी बिऱ्हाड पाठीवर टाकून तुमच्या दारात हजर. हे लिहिणाऱ्याचं रोम आजवर तीनदा बुडालंय, त्यामुळे ज्ञान पाजळायचा अधिकार मला नाही.

पण एक गोष्ट लक्षात आली का? त्या गेमच्या नकाशात आपला सह्याद्री नाहीच. आणि गंमत अशी की, हाच डाव, म्हणजे वारशात मिळालेलं मोठं नाव, हातातून गेलेले प्रांत, दुसऱ्याच्या खिशात जाणारी जकात, हा डाव याच डोंगररांगेत खराखुरा खेळला गेलाय. साधारण १९०० वर्षांपूर्वी. आणि तिथे सेव्ह केलेली फाईल पुन्हा उघडायची सोय नव्हती.

खेळाडूचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी.

नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. पेपरमध्ये दोन मार्कांना यायचं, सातवाहन राजा, शकांचा पराभव, संपलं. तोच ‘शालिवाहन’ म्हणून आपल्या पाडव्यालाही हजर असतो. कुंभाराच्या घरात वाढलेल्या पोराने मातीचे सैनिक केले, त्यांच्यात प्राण फुंकले आणि शत्रूला हरवलं, ही गोष्ट आजीने सांगितलेली असेल. दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या प्रत्येक पोराला ती खरी वाटते. शालिवाहन हे सातवाहन या नावाचंच बदललेलं रूप. कॅलेंडरवर छापलेल्या शकाच्या आकड्याची सुरुवात मात्र इसवी सन ७८ची, आणि पुष्कळ इतिहासकार ती शक किंवा कुषाण राजांकडे नेऊन ठेवतात. म्हणजे जिंकणाऱ्याचं आणि हरणाऱ्याचं नाव आपण एकाच शब्दात बांधून दरवर्षी गुढी उभारतो. असो. मातीच्या सैनिकांची गोष्ट इथे बाजूला ठेवू. खरी गोष्ट त्याहून अवघड आहे.

आधी त्याला काय वारसा मिळाला ते बघा. सातवाहनांची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्यांच्या घराण्याच्या सुरुवातीच्या काळातली राणी नागणिका हिचा लेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. तिथे केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाण्यांची लांबलचक यादी आहे. ती यादी घाटातच का कोरली? कारण घाट म्हणजे पैसा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, तिथून पैठण, तेर. बोरघाटातून आलेला माल कार्ले-भाजे ओलांडून आपल्याच भागातून पुढे जायचा. घाट ज्याच्या हातात, जकात त्याची.

आणि गौतमीपुत्राच्या वाट्याला राज्य आलं तेव्हा घाट त्याच्या हातात नव्हते.

ते होते नहपानाकडे. क्षहरात घराण्याचा हा शक क्षत्रप. गुजरात आणि उत्तर कोकणात त्याचं बस्तान होतं, आणि तिथून त्याचे हात नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत पोचले होते. जुन्नरला त्याच्या अयम नावाच्या अमात्याने मंडप आणि पाण्याचं टाकं करून दिल्याचा लेख आहे, त्यावर वर्ष ४६ आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचं शहर, जिथून सातवाहनांची चूल पेटायची, तिथे दुसऱ्याचा मंत्री दानधर्म करतोय. यापेक्षा अपमान तो काय असायचा!

त्याच काळात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक वाटाड्या पुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. लेखकाचं नाव त्यात नाही, पण माणूस पक्का हिशेबी. त्याने लिहून ठेवलंय की कल्याण एकेकाळी रीतसर उघडं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला आलंच, तर त्याला पहाऱ्यात भरूचला नेलं जायचं. भरूच म्हणजे नहपानाचं बंदर. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून वीस-वीस दिवसांच्या वाटेने भरूचला न्यावा लागे. तिथे इटलीची दारू उतरायची, रोमन नाणी बदलून नफा व्हायचा, राजासाठी चांदीची भांडी यायची. खऱ्या रोमचा पैसा येत होता. फक्त येत होता दुसऱ्याच्या घरी.

गेममध्ये शेजाऱ्याने बंदराची नाकेबंदी केली की त्या शहरावर छोटं चिन्ह येतं, उत्पन्न घसरतं, आणि आपण चिडून आरमार बांधायला घेतो. गौतमीपुत्राच्या बाबतीत ते चिन्ह किती वर्षं तसंच होतं?

आता प्रतिस्पर्ध्याकडे नीट बघा. सिनेमात असतो तसा दुष्ट खलनायक असता तर काम सोपं होतं. नहपानाचा जावई उषवदात, दक्षमित्रेचा नवरा, हा या डावातला सगळ्यात अवघड मोहरा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात त्याचे लेख आहेत, आणि ते वाचताना माणूस चक्रावतो. याने तीन लाख गायी दान दिल्या. भरूच, दशपूर, गोवर्धन, सोपारा इथे उतरायला धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. जरा विचार करा, पावसाळ्यात नदीकाठी अडकलेल्या माणसाला फुकट पलीकडे सोडणारा राज्यकर्ता कसा वाटत असेल? आणि हा माणूस नुसता दाता नाही. मालवांनी उत्तमभद्रांना वेढलं तेव्हा तो भर पावसाळ्यात सैन्य घेऊन गेला, त्यांना सोडवलं आणि येताना पुष्करला स्नान करून आला.

सगळ्यात भारी त्याचा हिशेब. लेण्यातल्या भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण बाजूला काढले, पण ते हातात नाही दिले. गोवर्धन, म्हणजे आजच्या नाशिकजवळचं गाव, तिथल्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार ठेव म्हणून ठेवले, शेकडा महिना एक दराने. उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर जुळलं. आज फिक्स्ड डिपॉझिटच्या व्याजावर ट्रस्ट चालवतात ना, तेच.

म्हणजे परका राजा, पण विणकर त्याचे, भिक्खू त्याचे, ब्राह्मण त्याचे, व्यापारी त्याचे. कार्ल्याच्या लेण्यातल्या भिक्खूंनाही उषवदाताने करजिक नावाचं गाव दिलेलं. गेमच्या भाषेत प्रांताची निष्ठा शंभर टक्के. असा प्रांत तलवारीने घेता येतो. पण घेतल्यावर टिकतो का, हा खरा प्रश्न.

गौतमीपुत्राचा आपल्याला माहीत असलेला पहिला लेख त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा आहे. अठराव्या! तुमच्यातले काही जण आत्ता जेवढ्या वयाचे आहात, तेवढी वर्षं तो गादीवर होता, तेव्हा कुठे नाशिकच्या दगडावर त्याचं नाव उमटलं. त्याआधी तो तिथे नव्हता. गादीवर बसल्या बसल्या चढाई करून घाट परत मिळवल्याची ही गोष्ट नाही. निम्म्याहून जास्त कारकीर्द समोरचा बलवान आहे हे बघत काढायची, आणि तरी आपलं राज्य मोडू द्यायचं नाही. माझं रोम तीनदा बुडालं ते याच ठिकाणी. दहाव्या टर्नला धीर सुटतो, आणि आपण असेल तेवढं सैन्य गोळा करून एकाच लढाईत सगळा हिशेब करायला जातो.

मग तो दिवस आला. नहपान हरला आणि क्षहरातांचं घराणं संपलं. लढाईचा तपशील दगडावर नाही, आणि मला तो रंगवून सांगायचाही नाही. जास्त रस आहे तो त्यानंतर त्याने काय केलं यात.

‘रोम’ खेळणाऱ्यांना माहीत आहे, शहर पडलं की एक चौकट उघडते. तीन पर्याय असतात. नुसता ताबा घ्या, लोकांना गुलाम करा, किंवा कत्तल करा. पश्चिम रोमचे जुने खेळाडू कुजबुजत सांगतात की बंडखोर शहराला तिसरा पर्यायच बरा. लोकसंख्या घटते, बंड थांबतं, खजिन्यात लूट येते. थंड डोक्याने केलेला हिशेब.

गौतमीपुत्राचा अठराव्या वर्षीचा हुकूम विजयी सैन्याच्या छावणीतून सुटलाय. म्हणजे घोड्यांचे खोगीर अजून उतरले नसतील. आणि हुकूम कशाचा? शेताचा. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला कळवलंय की पश्चिम कखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, ते दोनशे निवर्तनांचं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्खूंना द्यावं. त्रिरश्मी म्हणजे पांडवलेण्यांचाच डोंगर. आणि त्या शेतात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, त्रास द्यायचा नाही. आपल्या कार्ल्यातही अठराव्या वर्षाचा असाच हुकूम आहे, तोही विजयी छावणीतला. मामाल आहारातलं करजक गाव तिथल्या भिक्खूंना दिलंय. मामाल म्हणजे मावळ. इतिहासकार हा हुकूम गौतमीपुत्राचाच मानतात. करजिक, करजक. नाव ओळखीचं वाटतंय ना? उषवदाताने दिलेलं तेच गाव.

काय केलं त्याने ते कळलं का? शत्रूने जपलेली माणसं त्याने शत्रूची मानली नाहीत. भिक्खू उषवदाताचं खाऊन राहिले म्हणून त्यांना हाकललं नाही. दान तसंच चालू ठेवलं, फक्त दात्याचं नाव बदललं. चौथा पर्याय, जो त्या चौकटीत नाहीये.

नाण्यांचंही तसंच. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा घडा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, अक्षरं ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलाय. तीन कमानींचा डोंगर आणि नाव एका अंगाला, उज्जैनी चिन्ह दुसऱ्या अंगाला. वितळवून नवी पाडली नाहीत. आठवा, एखाद्या सकाळी खिशातली नोट चालेनाशी होते तेव्हा काय होतं? इथे बाजारातल्या माणसाच्या गाठीची चांदी चांदीच राहिली. कित्येक नाण्यांवर छापाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. जिंकणाऱ्याला ते चाललं.

पण इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, वा, गेम जिंकला. थांबा. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात खरा कागद पुढचा आहे. कागद म्हणजे दगडच, पण मजकूर एखाद्या तहसील कचेरीतल्या फायलीसारखा.

वर्ष २४. पुन्हा गोवर्धनलाच हुकूम. आता अमात्य आहे सामक. हुकूम पाठवणारे दोघं आहेत, राजा गौतमीपुत्र आणि राजमाता. मजकूर असा, की भिक्खूंना आम्ही कखडी गावात जे शेत दिलं होतं, ते कुणी कसत नाही. गावात वस्ती राहिलेली नाही. म्हणून नगराच्या हद्दीवर आमची जी सरकारी जमीन आहे, तिच्यातली शंभर निवर्तनं त्यांना द्यावीत.

बस, एवढंच. पण जरा थांबून बघा. विजयानंतर सहा वर्षं झालीत. राजाने दगडावर कोरून जमीन दिलीय, सगळ्या सवलतींसकट. आणि प्रत्यक्षात शेतात कुसळं उगवलीत, कारण नांगर धरायला माणूसच नाही. गाव ओस का पडलं ते हुकमात नाही. लढाया ज्या मुलखात झाल्या तिथलं गाव ओस पडायला फार कारणं लागत नाहीत. कोण होती ती कखडीची माणसं, कुठे गेली, हे दगड सांगत नाही. नहपानाच्या काळात तिथे पीक निघत असणार, नाहीतर उषवदाताने ते शेत ठेवलं कशाला असतं?

गेममध्ये शहराच्या खाली लोकसंख्येचा आकडा असतो. युद्धात तो घसरतो, आपण नाक मुरडतो आणि पुढची टर्न दाबतो. इथे तो आकडा म्हणजे कखडी.

आणि राजाने काय केलं? चूक झाली हे दगडावर कबूल केलं. दिलेलं दान फुकट गेलं हे लपवलं नाही, अमात्यावर ढकललं नाही, भिक्खूंना तुमचं नशीब म्हटलं नाही. बदली जमीन दिली, तीही स्वतःच्या खासगीतली. क्षेत्र निम्मं, पण शहराला लागून, कसणारी माणसं मिळतील अशी. बाकी मोठमोठ्या विजयांपेक्षा हा हुकूम मला जास्त आवडतो, आणि त्यात आईचं नाव सोबत आहे हेही. बहुतेक राजांचे दगडी लेख आपण किती दिलं ते सांगतात. दिलेलं पोचलं का, हे विचारणारा लेख विरळा.

ही आई म्हणजे गौतमी बलश्री. हा आईचं नाव लावतो, आणि त्याची बहुतेक ओळखही आपल्याला आईकडूनच आहे. तो गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं भद्रायणीय भिक्खूंना दिलं आणि तिथे आपल्या मुलाबद्दल एक मोठा लेख कोरून घेतला. त्यात त्याच्या वडिलांचं नाव नाही. आई लिहिते म्हटल्यावर कौतुक भरभरून आहेच. मुलाचा चेहरा कमळासारखा, चाल देखणी, तो आईचं ऐकणारा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलेलं. असिक, अश्मक, मूलक, सौराष्ट्र, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती असा त्याचा मुलूख. त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचं नाव उरू दिलं नाही. तो कर घ्यायचा तो न्यायाने. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला त्याचा हात धजत नसे. प्रजेच्या सुखात सुखी, दुःखात दुःखी.

एका घराण्याचा समूळ नाश, आणि शत्रूलाही न मारणारा हात, ही दोन्ही वाक्यं एकाच भिंतीवर आहेत. आईला त्यात विसंगती दिसली नाही. तुम्हाला दिसली तर चांगलंच आहे. त्याच लेखात त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली हेही अभिमानाने सांगितलंय. ते वाचून आज टाळ्या वाजवायचं काही कारण नाही. तो त्याच्या काळातला राजा होता, आपल्या पोस्टरवरचा हिरो नव्हे. पण तेच वाक्य ज्या लेण्यात आहे ते लेणं बौद्ध भिक्खूंना दिलेलं आहे, हेही विसरू नका. माणसं एका ओळीत मावत नाहीत.

आणि पुढे त्याच्या मुलखाचं काय झालं? जिंकलेलं सगळं राहिलं का? नाही. उज्जैनला चष्टन नावाचा नवा क्षत्रप आला, वेगळ्या घराण्याचा. गौतमीपुत्राने क्षहरात संपवले होते, शक नव्हे. चष्टनाचा नातू रुद्रदामन. त्याचा जुनागढचा लेख इसवी सन १५०च्या सुमाराचा. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याला संपवलं नाही, असं तो सांगतो. सौराष्ट्र, अनूप, अपरांत, आकर-अवंती ही बलश्रीच्या यादीतली नावं आता रुद्रदामनाच्या यादीत आहेत. आणि ते नातं कुठलं? कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, ती महाक्षत्रपाची मुलगी. सरमिसळ थांबवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरात शकांची लेक सून म्हणून आली, आणि त्या सोयरिकीने एक राज्य वाचलं. बलश्रीला हे कसं वाटलं असतं, याचा मी कधीकधी विचार करतो.

पण नाशिक, जुन्नर, मावळ हा घाटमाथा, ज्यासाठी सतरा वर्षं गेली, तिथे गौतमीपुत्रानंतर पुळुमावीचे लेख आहेत. तोही बापावर गेला होता. आजीच्या लेण्याला दिलेलं एक गाव त्याने तीन वर्षांनी बदलून दुसरं दिलं. आणि कार्ल्यातही त्याच्या चोविसाव्या वर्षाचा लेख आहे.

रविवारी गेम बंद ठेवणार असाल तर एक करा. मारुंजीहून सरळ रेषेत कार्लं तीसेक किलोमीटर आहे, वायव्येला. गाडी नसेल तर आकुर्डीहून किंवा देहूरोडहून लोणावळ्याची लोकल पकडा. वाटेत घोरावाडी स्टेशन लागेल, तिथे वर घोरवडेश्वरचा डोंगर आहे, त्यातही त्याच काळातली लेणी आहेत, पण आज पुढे जा. मळवलीला उतरा, रिक्षा करा. एकवीरेच्या पायऱ्यांवर गर्दी असेल, हार, पेढे, कोंबडे, ढोल. देवीच्या रांगेत उभं राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शेजारच्या चैत्यगृहासमोर पाच मिनिटं थांबा. खांबांवर धेनुकाकटहून आलेल्या यवनांची नावं आहेत, म्हणजे परदेशी माणसांनी वर्गणी काढून उभे केलेले खांब. दर्शनी भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतील, पानावर मुंग्या चालाव्यात तशा. त्यांत उषवदाताचा लेख आहे, आणि त्याच भिंतीवर विजयी छावणीतून आलेला अठराव्या वर्षाचा हुकूमही आहे.

त्या हुकमाची सुरुवात, जिथे राजाचं नाव असणार, तो भाग गेलाय. मामाल आणि करजक ही नावं मात्र अजून वाचता येतात.